मिरगानंतरचं गाव

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अंजर्ल्याहून दापोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्याच गाड्या दिसतात. टपावर आंब्याच्या पेट्या, मागच्या काचेतून दिसणारी फणसाची काटेरी पाठ, खिडकीत मुलांचे उन्हाने रापलेले चेहरे. मुंबई-पुण्याच्या शाळा उघडायच्या असतात. बघता बघता घरं मिटतात, खिडक्यांवर प्लास्टिक ठोकलं जातं, ओटीवरच्या खुर्च्या माजघरात जातात. मग मिरगाचा पहिला मोठा पाऊस होतो आणि गावात उरतात ती बारमाही राहणारी माणसं. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात कायमचं राहायला जायचं ज्याच्या मनात असेल, त्याने ते गाव या दिवसांत बघावं असं मला मनापासून वाटतं. डिसेंबरातली निळी संध्याकाळ कोणालाही आवडते. तिच्या भरवशावर घर बदलू नये.

आम्ही दोघं पुण्याहून इथे आलो ते निवृत्तीनंतर. घर भाड्याचं. मालक डोंबिवलीला, त्यांचे वडील गेल्यापासून कुलूप. पहिल्या भेटीत त्यांनी भाड्याचा विषय दोन वाक्यांत संपवला आणि अट मात्र पुन्हा पुन्हा सांगितली: पावसाळ्यात घर बंद ठेवायचं नाही, आणि आठवड्यातून निदान दोनदा मागची चूल पेटली पाहिजे. धूर वाशांना लागला की भुंगा आणि वाळवी लांब राहते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बंद घर एका पावसात दहा वर्षांनी म्हातारं होतं, असं ते म्हणाले आणि बोलताना वाशांकडे बघत राहिले. इथे बारा महिने राहायचं, हा आमचा बेत होताच. पण ती त्या घराचीही गरज होती, हे त्या दिवशी कळलं.

त्याच सुमाराला शेजारच्या काकूंनी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी तोंडी सांगितली. यादी कसली, शिकवणीच ती. डाळी, गूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, मीठ चुलीजवळच्या मडक्यात, काडेपेट्या प्लास्टिकच्या डब्यात. नारळाची सोडणं, करवंट्या आणि वाळक्या झावळ्या पडवीत रचून ठेवायच्या, कारण जुलैत कोरडं लाकूड पैसे देऊनही मिळत नाही. सुक्या मासळीचं काय असेल ते मेच्या आत आणायचं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच मासळीचा अंडी घालायचा काळही तोच. हर्णैच्या बंदरात एरवी बोटींवरून मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, लिलावाचा गलका दूरवर ऐकू जातो. तिथे या दोन महिन्यांत वाळूवर ओढलेल्या होड्या आणि जाळी विणत बसलेले लोक. काकूंनी आमच्यासाठी बोंबील आणि जवळा आणला, उन्हं दिली, आणि डब्यावर माझं नाव लिहून डबा स्वतःच्याच घरात ठेवला. “तुमच्या घरात ओल किती धरते ते अजून ठाऊक नाय,” म्हणाल्या. “या वर्षी माझ्या फडताळात राहू दे.”

दापोलीच्या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा वाचून कळत नाही. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना पांढरी बुरशी येते, मीठ पाणी होतं, वीज जाते ती कधी येईल ते महावितरणच्या वायरमनलाही सांगता येत नाही. फोनचा टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो आणि गप्प होतो. समुद्र दिवसरात्र ऐकू येतो, आणि उधाणाला भरतीबरोबर वारा असला तर माडाच्या माथ्यांचा आवाज त्यात मिसळून बोलणं कठीण होतं. पण याच दिवसांत गाव घरात येऊन बसतं. शेतीची लावणी उरकली की कोणीतरी ओटीवर टेकतं, चहा होतो. तीन-चार घरांच्या बायका मिळून सुकी सुपारी सोलायला बसतात. माझ्याही हातात सोलायला एक टोपली दिली जाते. पहिल्या वर्षी माझी टोपली सगळ्यांच्या शेवटी रिकामी व्हायची आणि त्या माझ्यासाठी थांबायच्या, बोलणं न थांबवता.

श्रावणाच्या आधी एका रात्री वाऱ्याने स्वयंपाकघरावरची कौलं सरकली. पाणी थेट ओट्यावर. आम्ही बादल्या लावतोय तोवर शेजारचा मुलगा विजेरी तोंडात धरून आढ्यावर चढला होता. त्याला हाक मारली नव्हती. आमच्या खिडकीत कंदील इकडून तिकडे हलताना त्याच्या आईने पाहिला होता. तासाभराने खाली उतरला, अंगावरून पाण्याचे ओघळ. मी पैसे पुढे केले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी हात मागे घेतला. काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “पैसे द्यायचे असते तर त्याला सकाळी बोलावला असता, गडी म्हणून. रात्री आला तो शेजारी म्हणून.”

मग परतफेड कशी करायची, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर हळूहळू माझ्याकडे चालत आलं. कोणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा होता, कोणाला पेन्शनसाठी हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायचा होता, कोणाच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावातलं अक्षर चुकलं होतं आणि तलाठी कार्यालयात द्यायला नीट लिहिलेला अर्ज हवा होता. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. अर्जाला विषय काय लिहायचा, मागणी पहिल्या परिच्छेदात कशी आणायची, सोबत कुठली कागदपत्रं जोडायची, हे मला जमतं. आता आमच्या ओटीवर गुरुवारी संध्याकाळी चार-पाच माणसं असतात. कोणी अंडी आणतं, कोणी अळू, कोणी काहीच नाही. हिशेब कोणीही ठेवत नाही, आणि तरी कोणाचं कोणाकडे किती राहिलंय ते सगळ्यांना पक्कं माहीत असतं. शहरात मला ही व्यवस्था जाचली असती. इथे ती अंगवळणी पडली, कारण तिच्यात मी काय करू शकते याला जागा होती.

गावाची रचनाच अशी आहे की एकमेकांपासून लपून राहता येत नाही. रस्ता, रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि मग वाळू. कोकणपट्टीतल्या कितीतरी गावांचा नकाशा हाच. वाड्यांमध्ये चिऱ्यांचे गडगे कमरेएवढे. त्यांना ठिकठिकाणी खिंडी ठेवलेल्या, विहिरीवर जायला, देवळात जायला, नुसतंच पलीकडे जायला. परसातून माणसं जातात-येतात आणि जाताना “काय, झाला का चहा?” असं विचारतात. आधी मला वाटायचं, हे लोक फार चौकश्या करतात. कुठे गेला होतात, कोण आलं होतं, गाडी कोणाची होती, मुलगी फोन करते का. त्या चौकश्यांचं मोल मला विंचवाने शिकवलं.

पावसाच्या तोंडावर लाकडं आत घेताना नवऱ्याच्या हाताला लाल विंचू चावला. कोकणातला हा विंचू लहान चणीचा, पण त्याचं विष हृदयावर जातं. दरदरून घाम, हातपाय गार पडणं, आणि उपचार वेळेत झाले नाहीत तर फुफ्फुसात पाणी. फोन लागत नव्हता. मी गडग्यापाशी जाऊन काकूंना हाक मारली, एवढंच मला करता आलं. पुढचं सगळं गावाने केलं. रिक्षा कोणाकडे उभी आहे, कुठल्या वाटेवर पाणी नाही, दापोलीत या वेळी कोणता डॉक्टर भेटेल, हे आठवून काढायची त्यांना गरज पडली नाही. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता त्या पावसात कापून आम्ही पोचलो तेव्हा नवऱ्याचे हात बर्फासारखे होते. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली.

त्या गोळीमागे याच पट्ट्यातल्या एका माणसाचं आयुष्य आहे. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचवाचं विष भिनलेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस डोळ्यांदेखत जात. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून ठेवत त्यांनी रक्तदाबाच्या या साध्या औषधाचा उपयोग शोधून काढला, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या रुग्णालयात न जाता ते महाडलाच राहिले, याचं मला फार अप्रूप वाटतं. जिथे आजार आहे तिथेच बारा महिने राहिल्याशिवाय तो दिसत नाही, हे त्यांच्याबाबतीत शब्दशः खरं आहे. आणि औषध असलं तरी माणूस वेळेत पोचवावा लागतो, तो शेजारी पोचवतात.

आम्ही आलो ते ‘निसर्ग’ वादळानंतर. ३ जून २०२०ला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडचा किनाराही त्याच्या तडाख्यात सापडला. कित्येक आठवडे वीज नव्हती. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे मुंबईहून मदतीला यायचं तर तेही अवघड. आमच्या वाडीच्या उत्तरेला अजूनही आकाशाचा एक मोठा तुकडा मोकळा दिसतो. तिथे एका दुपारी पोफळींची आख्खी रांग आडवी झाली. पोफळीची मुळं उथळ, एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. नवीन लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं. नारळाचंही तसंच. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या भाऊंनी, म्हणजे काकूंच्या दिरांनी, त्या पावसाळ्यात पडलेल्या जागी रोपं लावली. त्यांना मी एकदा विचारलं, इतकी वर्षं थांबायचा धीर कुठून येतो. ते म्हणाले, “थांबतंय कोण? रोज पाणी द्यायला लागतंय.” वाडीचं शिंपणं दिवाळीनंतर सुरू होतं ते मिरगापर्यंत चालतं. पाटाने पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत भाऊ दोन तास फिरतात. परगावच्या मालकाला हे जमत नाही. पैसे पाठवता येतात. पाणी वळवायला माणूस तिथे असावा लागतो.

आणि माणूस नाही, हेच या किनाऱ्याचं जुनं दुखणं. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गाचीही कमी झाली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कोणी या आकड्याचं कौतुक केलं की मला कसंसंच होतं. तो आकडा मागे राहिलेल्या बायकांचा आहे, गिरणीच्या काळापासून मनीऑर्डरची वाट बघणाऱ्या आज्या-पणज्यांचा. आमच्या दक्षिणेला हर्णैपलीकडे मुरूड. धोंडो केशव कर्वे तिथले. सरकारी परीक्षेला बसायला ते मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. पुढे ते मुंबईला शिकले, पुण्यात त्यांनी संस्था उभ्या केल्या, भारतरत्न झाले. गावाबाहेर पडलेल्या मुरूडकरांनी गावासाठी पैसे जमवावेत म्हणून ‘मुरूड फंड’ही त्यांनी काढला. गेलेल्यांची गावावरची माया खरी आहे, याबद्दल मला कधीच शंका आली नाही. गणपतीत आणि शिमग्यात ती ओसंडून वाहते. पण माया ऑक्टोबरातल्या मंगळवारी एसटीत बसत नाही.

एसटीचं उदाहरण घेते, कारण इथे राहायला येईपर्यंत मला हे सुचलंही नसतं. मुक्कामाची गाडी रात्री गावात येते, चालक-वाहक इथेच झोपतात, पहाटे तीच गाडी दापोलीला निघते. तिच्यात कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणारे म्हातारे, भाजी-नारळ घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका. पावसाळ्यात कधी कधी सहा-सात माणसं असतात. भारमान घटलं की फेरी बंद करायचा विचार होतो; फेरी बंद झाली की मुलांचं शिक्षण अडतं आणि आणखी एक घर मिटतं. किराणा दुकानाचं तेच, दुधाचं तेच, पोस्टाचं तेच. चार महिने भरपूर गिऱ्हाईक आणि आठ महिने कोणीच नाही अशा गावात दुकान चालत नाही. म्हणून आम्ही महिन्याचं वाणसामान गावातच घेतो आणि दापोलीला एसटीने जातो, गाडी दाराशी असली तरी. दोन तिकिटांनी काय होणार, असं पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं. सहात दोन म्हणजे एक तृतीयांश, असं मी तिला सांगितलं. एवढ्या लहान गावात एकेक माणूस मोजला जातो, ही मला इथली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. शहरात माझ्या असण्या-नसण्याने पीएमपीची एकही फेरी हलली नसती.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती मला अस्वस्थ करते. आमच्यासारख्या बाहेरच्यांमुळे जमिनीचे भाव वाढतात. समुद्राकडचे तुकडे विकले जातात, त्यांना गडग्याऐवजी आठ फुटी भिंत येते, भिंतीला खिंड ठेवलेली नसते. पिढ्यानपिढ्या विहिरीवर जायची वाट एका सकाळी बंद झालेली असते. आत छान बंगला, वर्षातले वीस दिवस दिवे, उरलेले दिवस राखणदार. गावातल्या तरुण जोडप्याला घर बांधायला चार गुंठे परवडत नाहीत, आणि बांधलेली घरं अंधारात उभी. यावर माझ्याकडे तोडगा नाही. आम्ही जागा विकत घेतली नाही, बंद घर उघडलं, आणि मालकांचं कोणी परत आलं तर सोडून देऊ असं लिहून दिलं. पण नवीन येणाऱ्याने निदान वाट मोकळी ठेवावी, पाणी वाटून घ्यावं, गावसभेला जावं आणि तिथे पहिली दोन वर्षं ऐकावं, एवढी अपेक्षा मी ठामपणे धरते. गाव प्रेमळ आहे म्हणून त्याच्याकडून घेतच राहायचं, हे बरं नाही.

प्रेमळ म्हणजे सगळं गोड, असंही नाही. इथे भांडणं आहेत, हद्दीची, मानपानाची, काही इतकी जुनी की मूळ कारण सांगणारं कोणी उरलेलं नाही. शिमग्यात पालखीपुढे कोणी आधी यायचं यावर आवाज चढतात. पण ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या घरी कोणी आजारी पडलं तर भाताची पेज तिसऱ्याच्या हातून जाते. मी हे पाहिलंय, पेज माझ्याच हातून गेली होती.

शिमग्याची पालखी आमच्याकडे आली त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, ओटी भरायचं सामान काकूंनी ताटात लावून दिलेलं. ढोल जवळ आले. पालखी खांद्यावर नाचली आणि मग अंगणात टेकली. वयस्कर मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. या घरात राहणाऱ्या लेकरांना सुखी ठेव, परगावी असलेल्या धन्याला सुखी ठेव, असं म्हणताना त्यांनी आधी डोंबिवलीच्या मालकांचं नाव घेतलं आणि मग आमच्या दोघांचं. क्रम अगदी बरोबर होता. मला कोणी गावकरी करून टाकलं नव्हतं. मालक कोण, राखणारे कोण, हे देवापुढे स्पष्ट सांगून आमची काळजी घ्यायला सांगितलं होतं. त्याहून जास्त मला नको होतं.

या वर्षी काकूंच्या घरात वेगळीच गडबड आहे. धाकटा मुलगा विरारहून परत यायचं म्हणतोय, बायको-मुलीसकट. त्याचं काम संगणकावरचं, आठवड्यातून चार दिवस घरूनच. जोडणी नीट मिळाली तर इथूनही होईल. सुनेची धाकधूक मुलीच्या शाळेबद्दल. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट इतका उतरलाय की दोन गुरुजींपैकी एकाची बदली होईल अशी कुणकुण आहे. सून मागच्या रविवारी माझ्याकडे येऊन तासभर बसली. मी तिला काहीही रंगवून सांगितलं नाही. वीज, ओल, विंचू, चौकश्या, सगळं सांगितलं. संध्याकाळी मुलीला मी बसवीन, मराठीबरोबर इंग्रजीही घेईन, हेही सांगितलं. जूनमध्ये आधी येऊन राहा, मग ठरव, असं म्हटलं तर ती म्हणाली, जूनपर्यंत थांबलो तर प्रवेशाचं राहील. काल गुरुजी रस्त्यात भेटले. मुलगी येणार असेल तर पट मोजायच्या आधी नाव घातलं पाहिजे, म्हणाले. विरारच्या शाळेतून दाखला आणि आधारकार्डाची प्रत लवकर पाठवायला सांगा. मी अर्ज लिहून ठेवलाय. सही तेवढी बापाची हवी.